करडीची शेवटची लोकर

११ फेब्रुवारी

भिंगरीस,

हे पत्र तुझ्या आईने लिहायला लावलेलं नाही. आधीच सांगतो, कारण पाकीट बघून तुला तसंच वाटेल. पत्ता मात्र तिच्याकडून घेतला. तिने काही न विचारता तो दिला आणि मग दिवसभर माझ्याकडे बघत राहिली.

कामाचं लिहितो. काल तुझी ती मेंढीवाली आली होती. टेकडीपलीकडची, उंच, दणदणीत आवाजाची. तुला माहीत नसेल, पण ती दर वर्षी येते. मेंढ्यांची कातरणी झाली की एक पोतं घेऊन फाटकाशी उभी राहते आणि विचारते, "आहे का पोरगी?" मी म्हणतो, "ती इथे राहत नाही." मग ती पोतं उचलून परत जाते. आठ वर्षं आमचं एवढंच बोलणं. तुझ्या आईलाही मी हे काल पहिल्यांदा सांगितलं.

या वेळी ती परत गेली नाही. पोतं फाटकाच्या आत ठेवलं आणि म्हणाली, "ही करडीची आहे. शेवटची. आता तिला कात्री लावायची नाही, म्हातारी झाली. करडीची लोकर तुलाच, असा पोरीला शब्द दिला होता मी. पोचवायचं काम आता तुमचं, मी सुटले."

करडी म्हणजे तू बाटलीने दूध पाजून जगवलेलं कोकरू, एवढं मला आठवतं. तू तिकडून आलीस की तुझ्या कपड्यांना वास यायचा आणि मी खिडकी उघडायचो.

पोतं मागच्या व्हरांड्यात आहे. काय करायचं ते कळव. पार्सल करता येईल.

बाबा


४ मार्च

भिंगरीस,

तीन आठवडे झाले. तुझं उत्तर आलं नाही, ते येईल असं मी धरलंही नव्हतं. पण उन्हाने पोत्याला वास सुटला आणि तुझी आई म्हणाली, "एक तर ते पाठवा, नाही तर त्याचं काहीतरी करा. माशांनी घर विकत घेतलंय." म्हणून पोतं उघडलं.

मी एकतीस वर्षं लोकरीच्या गिरणीत काढली. सूतकताई खात्याचा सुपरवायझर. पण भिंगरे, खरं सांगतो, मेंढीच्या अंगावरून उतरलेली लोकर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. आमच्याकडे माल यायचा तो धुऊन, विंचरून, पांढऱ्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या होऊन. तो कुणाच्या अंगावरचा आहे असं कधी मनातही आलं नाही.

मला वाटलं होतं, पोत्यातून केसांचे पुंजके पडतील. तसं झालं नाही. जुन्या चादरीवर पोतं उलटं केलं आणि एक अख्खा कोट बाहेर आला. एकसंध. मान कुठली, पाठ कुठली, मागचे पाय कुठले, सगळं कळत होतं. आतून फक्त मेंढी काढून घेतलेली. मी किती वेळ नुसता उभा होतो. आईने दोनदा चहासाठी हाक मारली म्हणे. माझा उजवा कान गिरणीने नेला हे खरं, पण त्या हाका मला डाव्या कानानेही ऐकू आल्या नाहीत.

कडेची शेण लागलेली लोकर काढून टाकली. काटे, गवताची बोंडं वेचली. त्यात दोन दिवस गेले. हाताला एक प्रकारचं मेण लागत होतं, आणि तिसऱ्या दिवशी बघतो तर माझ्या बोटांच्या भेगा भरलेल्या. गिरणीच्या तेलाने पडलेल्या, कुठल्याच मलमाला न जुमानलेल्या. मी आईला हात दाखवले. तिने माझा हात तिच्या गालाला लावून बघितला आणि म्हणाली, "हा कुणाचा आणलात?"

मग लोकर धुतली. छान धुतली गेली. वाळत घातली आहे.

बाबा


१२ मार्च

भिंगरीस,

मागच्या पत्रात 'छान धुतली गेली' असं लिहिलं. ते खोटं आहे.

मी गिरणीचा माणूस. धुणं म्हणजे कढत पाणी, भरपूर साबण आणि घुसळणं, असं माझं डोकं. अर्धी लोकर मोठ्या टबात घातली, काठीने ढवळ ढवळ ढवळली आणि उचलून थेट नळाच्या गार पाण्याखाली धरली. माझ्या डोळ्यांदेखत ती आवळत गेली. हातात राहिला एक जाड, घट्ट गठ्ठा. ओढून सुटेना, फाडून फाटेना. करडीची शेवटची लोकर, आणि मी तिच्या निम्म्या भागाचं पायपुसणं करून ठेवलं.

दोन दिवस गठ्ठा तसाच टबात ठेवला. तुला खरं कसं सांगायचं हेच कळेना, म्हणून आधी खोटं लिहिलं. तू म्हणशील, यात नवीन काय.

तिसऱ्या दिवशी गठ्ठा आणि उरलेली थोडी लोकर पिशवीत घालून टेकडी चढलो. दम लागला. मेंढीवाली ओट्यावर बसून चहा पीत होती. तिच्यासमोर गठ्ठा ठेवला. तिने तो उलटापालटा केला.

"कुणी केलं हे?"

"मी."

"गिरणीत होता ना तुम्ही?"

"होतो."

"मग बरोबर," ती म्हणाली आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

मी खाली मान घालून ऐकून घेतलं. लोकरीला गरम पाणी चालतं, गार पाणी चालतं, पण एकातून एकदम दुसऱ्यात गेलेलं चालत नाही. आणि पाण्यात तिला हात लावायचा नाही. बुडवायची आणि सोडून द्यायची. "घाण आपोआप खाली बसते," ती म्हणाली. "तिला बाहेर पडायचंच असतं. तुम्ही मध्ये पडू नका."

मग ती मला करडीकडे घेऊन गेली. बारा वर्षांची म्हातारी, कातरलेली, हाडाहाडाची. मी पिशवीतून उरलेल्या लोकरीची एक बट काढली. मेंढीवालीने ती उजेडात ताणून धरली. टोकाकडे उन्हाने तांबूस झालेली, बुडाकडे राखाडी, चांदीसारखी. मधोमध एका जागी बारीक झालेली, तिथे जरा ताणली की तुटायची.

"इथे ती आजारी होती," मेंढीवाली म्हणाली. "पावसाळ्यात. पंधरा दिवस काही खाल्लं नाही." मग बोट बुडाकडे सरकवलं. "आणि इथून बरी झाली."

एक वर्ष, भिंगरे. त्या जनावराचं अख्खं एक वर्ष चार बोटांत लिहिलेलं. मी एकतीस वर्षं धाग्याची जाडी यंत्रावर मोजली, लोकर आजारपणाची नोंद ठेवते हे मला कुणी सांगितलं नाही. किंवा सांगायला घरात एक माणूस होतं आणि मी विचारलं नाही.

उरलेली अर्धी लोकर आता खरोखर छान धुतली आहे. सात पाणी. शेवटचं पाणी नितळ निघालं.

बाबा


१९ एप्रिल

भिंगरीस,

तू दर रविवारी आईला फोन करतेस. ती स्वयंपाकघराचं दार लावून घेते. मी बाहेर पेपर धरून बसतो, पान उलटत नाही. हे तुला माहीत असायला हरकत नाही. या रविवारी ती बाहेर येऊन म्हणाली, "पत्रं मिळतायत तिला." मी "काय म्हणाली?" असं विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. पण जेवताना मला दोनदा वाढलं.

दर मंगळवारी मी टेकडीवर जातो. मेंढीवालीने तारांच्या दातांच्या दोन फळ्या दिल्या. एकीवर लोकर, दुसरीने विंचरायची. सुरुवातीला बोटांचीच पिंजण झाली. मग हात सुटला. विंचरलेली लोकर फळीवरून गुंडाळत काढली की पेळू होतो. इतका हलका की टेबलावर ठेवला आणि आईने दार उघडलं तर उडून गेला. आम्ही दोघं पंखा बंद करून, खाली वाकून कपाटामागे पेळू शोधत होतो. ती हसायला लागली आणि मग दोघांनाही उठता येईना.

कताईचं काय सांगू. मेंढीवालीने टकळी हातात दिली. लाकडाची काडी, खाली चकती, बस. माझ्या खात्यात यंत्रांवर बाराशे चात्या, म्हणजे लोखंडी टकळ्याच, एकदम फिरायच्या, शेजारी उभ्या माणसाशी खुणांनी बोलावं लागायचं. इथे एक काडी, आणि आवाज नाही. पेळूतून चिमटीने तंतू ओढायचे, टकळीला गिरकी द्यायची, आणि पीळ वर चढत येतो. तो चढताना दिसतो, भिंगरे. पाणी मुळातून वर चढावं तसा. आत्तापर्यंत जे फुंकरीने विखुरलं असतं ते बोटाखालून सरकतं आणि धागा होतो. मी टकळी त्याच धाग्याला लोंबती सोडली. तुटला नाही. एक किलोचं वजन बांधलं. तुटला नाही.

मी हजारो टन सूत काढलं असेन. धागा होताना पाहिला तो वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी.

तसा माझा धागा बघण्यासारखा नाही. कुठे दोरखंड, कुठे केस. माझ्या हाताखाली कुणी असा काढला असता तर त्याला संध्याकाळच्या आत घरी पाठवलं असतं. मेंढीवालीने दोन धागे एकत्र करून उलटा पीळ द्यायला शिकवलं. एकेकटा धागा ताठ असतो, सोडला की स्वतःभोवतीच गुंता करतो. दोन उलट्या पिळाने जवळ आले की दोघंही निवांत होतात. तिने लडी करून हातात दिली. करडी, राखाडी, लोंबकळती. नुसती धरली तरी ऊब लागते.

आता ते लिहितो. गेले दोन महिने लिहायचं टाळतोय.

नऊ वर्षांपूर्वी जूनमध्ये तुझ्या नावाने पत्र आलं. हाताने कातायला-रंगवायला शिकवणाऱ्या त्या रंगारी बाईंच्या शाळेतलं. तुझी निवड झाली होती, एका महिन्यात होकार कळवायचा होता. पोस्टमनने ते माझ्या हातात दिलं. मी फोडलं, वाचलं आणि खणात गिरणीच्या जुन्या कॅलेंडरखाली ठेवलं. त्या महिन्यात तू रोज फाटकाशी जाऊन पेटी बघायचीस. एकदा मला म्हणालीस, "बाबा, मी बहुतेक तेवढी चांगली नाहीये." मी म्हणालो, "असू दे."

सप्टेंबरात तू स्वतः तिथे जाऊन विचारलंस. परत आलीस, माझा खण उपसलास, ते पत्र जेवणाच्या टेबलावर माझ्या ताटाशेजारी ठेवलंस आणि बॅग उचललीस.

मी सगळ्यांना सांगत आलो की तुझ्या भल्यासाठी केलं. हाताच्या कामाला काय भविष्य, वगैरे. गिरणी बंद होत चालली होती, लोक घरी बसत होते, ते सगळं खरं. पण पत्र मी त्यासाठी लपवलं नाही. तू गेलीस की या घरात माझ्याशी भांडायला कुणी उरणार नाही, याची मला भीती वाटली. तुझी आई भांडत नाही, तुला माहीत आहे. एवढंच कारण. ते इतकं लहान आहे की सांगायची लाज वाटत होती.

तू तेवढी चांगली होतीस. ते पत्रात लिहिलेलं होतं, आणि मी वाचलं होतं.

बाबा


२३ मे

भिंगरीस,

मागच्या पत्रानंतर दोन रविवार तुझा फोन आला नाही. तिसऱ्या रविवारी आला, तेव्हा मी उठून बाहेर फिरायला गेलो. तुमच्या बोलण्यावर पहारा ठेवायचा मला हक्क नाही.

परत आलो तर टेबलावर तुझी वही होती. निळ्या डागांची, रंगांच्या कृती लिहिलेली. शेजारी निळीचा डबा. नऊ वर्षं आईने दोन्ही आपल्या कपाटात कपड्यांच्या खाली ठेवलं होतं. लपवण्यात ती माझ्यापेक्षा तरबेज निघाली. मी विचारलं, "हे तिला विचारून दिलंस का?" ती म्हणाली, "हो."

तुझं अक्षर वाचायला मला चष्म्यावर भिंग लागलं. नीळ, धुण्याचा सोडा, कोंडा, मंजिष्ठेची पूड, कोमट पाणी. झाकून ठेवणे. ऊब जाऊ न देणे. पातेलं उबदार ठेवायला काय गुंडाळावं याचा विचार करत होतो, तेव्हा आईने तो मी बिघडवलेला गठ्ठा आणून भोवती बांधला. चपखल बसला. आठ दिवस पातेलं कोमट राहिलं. करडीची ती अर्धी लोकरही वाया गेली नाही, हे तुला कळावं म्हणून लिहितो.

वासाविषयी वहीत एकच शब्द आहे, 'येईल'. आला. आई म्हणाली, "एकतीस वर्षं तेलाचा वास आणलात घरी, आता निवृत्त होऊन हा." आठव्या दिवशी झाकण काढलं तर वर तांब्यासारखी साय, मध्ये निळा फेस, आणि चमच्याने बाजूला केलं तर खाली पाणी पिवळट हिरवं. मला वाटलं, बिघडलं. निळं पाणी असायला हवं ना. वही पुन्हा वाचली. तू लिहिलंयस, 'पाणी निळं असेल तर थांबा. हिरवं झालं की तयार.'

लडी ओली करून आत सोडली. ढवळली नाही, एवढं शिकलोय. दहा मिनिटांनी हळूच वर काढली. हिरवी होती. कोवळ्या पानासारखी. मी आणि तुझी आई व्हरांड्यात उभे, सकाळचं ऊन, माझ्या दोन्ही हातांवर ती हिरवी लडी, आणि ती बदलायला लागली. कुणी हात लावला नाही. काही घातलं नाही. नुसती हवा लागली. कडेने निळं उमटलं, मग ते धाग्याधाग्यातून आत शिरलं, हिरवं मागे सरत गेलं, आणि मी श्वास सोडला तेव्हा माझ्या हातात निळी लडी होती. साधी निळी नाही. खाली करडीचा राखाडी आहे ना, त्यामुळे पाऊस यायच्या आधी आभाळ होतं तसा रंग. जिथे माझा धागा जाड तिथे गडद, बारीक तिथे फिका. माझी प्रत्येक चूक वेगळ्या निळ्यात दिसत होती, आणि भिंगरे, ते सुंदर होतं. मला दुसरा शब्द सापडत नाही.

तुझ्या आईने माझ्याकडे पाहिलं नाही. ती फक्त म्हणाली, "हेच दाखवायला बोलावत होती ती तुम्हाला."

मला आठवलं. तू एकवीस वर्षांची असशील. याच व्हरांड्यातून ओरडलीस, "बाबा, एक मिनिट या, लवकर, नाही तर जाईल." मी बूट घालत होतो. म्हणालो, "पाळी आहे माझी." त्या मिनिटाला हे होत होतं, हे मला माहीत नव्हतं. मी गेलो आणि पाच मिनिटं लवकर पोचलो. गिरणीच्या गेटपाशी उभा राहून वेळ काढला.

लडी वाळली की पार्सलने पाठवतो. विणण्याजोगी नाही. तरी ठेव.

बाबा


१६ जून

भिंगरीस,

कालच्या फोनवर मी धड बोललो नाही. आईने रिसीव्हर हातात दिला आणि मी तो सवयीने उजव्या कानाला लावला, जो गेलेला आहे. तुझी पहिली दोन-तीन वाक्यं तिथेच गेली. ती काय होती हे मी आईला विचारलं नाही, तुलाही विचारत नाही. बाकी जे ऐकलं ते इथे लिहून काढतो, गिरणीत पाळी संपली की नोंद करायचो तसं. चुकलं असेल तर दुरुस्त कर.

तू म्हणालीस, लडी मिळाली.

तू म्हणालीस, पीळ जास्त आहे. मी म्हणालो, मेंढीवालीही तेच म्हणते. तू म्हणालीस, "सोडायची भीती वाटते म्हणून जास्त पडतो. सगळ्यांचा पडतो आधी."

पातेल्याचं काय केलं ते विचारलंस. मी म्हणालो, ओतून देणार होतो. तेव्हा तुझा आवाज एकदम चढला. "ओतू नका. ते जिवंत असतं. कोंडा घाला मूठभर आणि झाकून ठेवा. महिनोन् महिने चालतं." मग तू मला अकरा मिनिटं सांगत होतीस, फेस कसा दिसला म्हणजे ठीक, कसा दिसला म्हणजे उपाशी. मी घड्याळाकडे बघत होतो म्हणून अकरा माहीत आहे. तू पूर्वी असंच बोलायचीस, एका दमात, आणि मी पेपर वाचायचो.



मग तू म्हणालीस, "त्या पत्राबद्दल मी आत्ता काही बोलणार नाही."

मी म्हणालो, "बरं."

तू म्हणालीस, "कधी बोलेन ते माहीत नाही."

मी म्हणालो, "बरं."

एवढंच म्हणालो. आणखी काही म्हणायचं होतं असं नाही. तेच म्हणायचं होतं.

करडी कशी आहे ते विचारलंस. मी सांगितलं, खाते, उन्हात बसते, नवी लोकर बोटभर आली आहे. मंगळवारी गेलो की ती मला ओळखते असं मला वाटतं. मेंढीवाली म्हणते, ती माझ्या खिशातल्या बिस्किटांना ओळखते.

शेवटी तू विचारलंस, "हात निळे झालेत का?"

मी म्हणालो, मनगटापर्यंत. नखं तर काळीच दिसतात. वाण्याने परवा विचारलं, काय झालं म्हणून.

तू म्हणालीस, "लवकर जात नाही तो रंग. घासू नका."

मी म्हणालो, मला घाई नाही.

बाबा